उरलेला गूळ

दिव्यश्री लहानपणी कांजिण्यांनी फणफणली होती, तेव्हा तिच्या आईनं, भवानीनं, पुन्नैनल्लूरच्या मारियम्मा देवीला बोलून ठेवलं होतं: पोर वाचू दे, ती दावणी, मुलींची अर्धी साडी, नेसायला लागली की तिच्या वजनाइतका गूळ तुझ्या तळ्यात सोडीन. गूळ पाण्यात विरघळावा तसं दुखणं विरघळतं, हे तंजावरात कुणाला सांगावं लागत नाही. पोर वाचली. यथावकाश दावणीही नेसू लागली. नवस मात्र आज-उद्या करत राहून गेला.

गेल्या वर्षी पापनाशमहून नणंद आली, अंबाक्का, तेव्हा त्याचा विषय पुन्हा निघाला. नव्यानंच घेतलेल्या केबलवर कुठलीशी सौंदर्यस्पर्धा चालली होती आणि दिव्या ताटात डाळीचे जाड डोसे, अडै, घेऊन समोर बसली होती. ताटाकडे बघत अंबाक्का म्हणाली, "लवकर फेड गे, भवानी. आणखी थांबलीस तर आमच्या बाजारांतला सगळा गूळ पुरायचा नाहीं."

भवानीचे यजमान वरुणराव हसले. भवानीही हसली. दिव्यासुद्धा हसली, आणि ताट घेऊन उठली.

त्यानंतर कावळ्याला भात ठेवायचं काम दिव्यानं आपल्याकडे घेतलं. जेवणाआधी पितरांचा घास गच्चीच्या कठड्यावर जायचा, ही घरची रीतच. शाळकरी पोर आपणहून करते म्हणून भवानीला कौतुक वाटलं. मग "वर वारा आहे, अम्मा, मी तिथंच जेवतें," असं म्हणून घासाबरोबर ताटही वर जाऊ लागलं. ताट परत यायचं ते लखलखीत.

"तुमच्याकडे काय रोज श्राद्ध असतं?" शेजारची अलमेलु एकदा म्हणाली. "गावातले सगळे कावळे तुमच्याच गच्चीवर."

भवानी त्यावरही हसली. दिव्याचं पोलकं आत घेऊन टीप मारताना, पोर वयात येताना अंगानं आटोपशीर होतेय, एवढंच तिच्या मनात आलं. भेटेल तो म्हणत होता, छान दिसते.

देवीच्या मानाच्या आडी महिन्यातल्या एका शुक्रवारी सगळे देवळात गेले. साखळ्यांच्या तराजूच्या एका पारड्यात दिव्या मांडी घालून बसली. दुसऱ्यात पुजाऱ्यानं भवानीनं अंदाजानं आणलेल्या ढेपा रचल्या. ते पारडं धप्पकन खाली गेलं आणि दिव्या वर उचलली गेली. पुजाऱ्यानं एक ढेप काढली. पारडं जागचं हललं नाही. आणखी एक काढली. मग आणखी.

"गूळ उरतो की गे," अंबाक्का खुशीत म्हणाली.

भवानी लेकीकडे बघत होती. दिव्याची नजर देवीकडे नव्हती, त्या ढेपांवर होती. एकेक ढेप खाली उतरत होती तसा तिचा चेहरा उजळत होता. कित्येक महिन्यांत घरात न दिसलेलं हसू तिथं, सगळ्यांसमोर फुटत होतं. साखळी धरलेल्या मनगटाचं हाड वर आलं होतं. दंडावर बारीक लव होती, तान्ह्या पोराच्या पाठीवर असते तशी.

भवानीला गच्चीवरचे कावळे आठवले. आणि रोज लखलखीत होऊन परत येणारं ताट.

पारड्यातून उतरताना दिव्याचा तोल गेला. भवानीनं तिला धरलं, आणि हातात काहीच आल्यासारखं वाटलं नाही.

गूळ तळ्यात सोडून झाला. बाकीचे प्रसादाच्या रांगेत गेले. मायलेकी पायरीवर टेकल्या, मध्ये उरलेल्या गुळाची पिशवी.

"किती उरला, अम्मा?"

भवानीनं पिशवी उघडली नाही. "अंबाक्का बोलली तेव्हां मी हसलें होतें," ती म्हणाली. "मी हसायला नको होतें."

दिव्यानं पिशवी उचलून वजन अजमावलं.

"उद्यां आपण डॉक्टरकडे जायचें."

"मला कांही झालें नाहीं."

"मग तसें ते सांगतील. मी येतें ना बरोबर. आणि उद्यांपासून मीही गच्चीवरच जेवणार."

"कशाला?"

"तुझ्याबरोबर बसायला."

दिव्या म्हणाली, "मला भीती वाटते, अम्मा. खायची."

"वाटूं दे. बसूं आपण."

भवानीनं ढेपेचा कोपरा फोडला. अर्धा तोंडात टाकला, अर्धा लेकीच्या तळहातावर ठेवला, आणि खा म्हणाली नाही. एक कावळा खालच्या पायरीवर उतरून मान वाकडी करून बघू लागला. दिव्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि मूठ मिटली.

रांगेतून वरुणराव हाक मारत होते. दोघी उठल्या नाहीत. दिव्याच्या मुठीतला गूळ पाघळून बोटांतून ओघळू लागला, तेव्हा तिनं एक बोट हळूच तोंडात घातलं.