बिनगुलाची काडी

खोलीत सहा जण राहत होते आणि त्यातल्या पाचांनी मिळून सहाव्याचं नाव ओळंबा ठेवलं होतं. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला बांधलेलं वजन सोडतो, तो ओळंबा. हा गडी भिंतीच काय, माणसंही तशीच बघायचा. दुकानदाराने सुटे पैसे दिले की दोनदा मोजायचा. चहात साखर कमी लागली तर आधी डब्यात डोकावायचा, मग पाचही जणांच्या तोंडाकडे बघायचा. हाताला मात्र त्याच्या तोड नव्हती. परक्या मुलखात नऊ वर्षं तो फरशी बसवत होता, आणि त्याने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर बिचारीला कुठे जावं तेच कळायचं नाही.

नऊ वर्षांतल्या शेवटच्या दोन वर्षांचे पैसे गावी एका घरात चालले होते. घर बांधून घेत होता धाकटा भाऊ. धाकट्याने दर महिन्याच्या पहिल्या तारखेला फोनवर हिशोब पाठवायचा आणि थोरल्याने तो पलंगावर मांडी घालून, कानावर पेन्सिल ठेवून वाचायचा, असा रिवाज पडला होता. खिळ्यांच्या किलोपर्यंत खुलासा लागायचा. ‘कशाला?’ हा त्याचा आवडता शब्द. बायकोने शिलाई मशीन मागितलं तेव्हा कशाला, पुतण्याला चष्मा लागला तेव्हाही कशाला. पैसे पाठवायच्या काउंटरवर जो फॉर्म भरावा लागतो त्यात ‘पाठवण्याचं कारण’ असा एक रकाना असतो. बाकीचे त्याला कंटाळायचे. ओळंब्याला वाटायचं, जगात एवढा एकच कागद अक्कल वापरून छापलाय.

दीड वर्षापूर्वी एकदा वडील फोनवर म्हणाले होते, “थोडे पैसे लागत होते रे मला.”

“कशाला, बाबा?”

“राहू दे.”

राहू दे म्हणजे नड नसणार, असं समजून ओळंब्याने ते पैसे शिलकेत धरले. त्यानंतर बाबांनी कधी काही मागितलं नाही. त्याला ते बाबांच्या काटकसरीचं लक्षण वाटलं होतं.

या पहिल्या तारखेला हिशोब आला आणि तिसऱ्याच ओळीवर पेन्सिल थांबली.

‘फरशी मिस्त्री, मजुरी, चौदा रोज.’

“चौदा,” तो मोठ्याने म्हणाला. “बाथरूम आणि अर्धं स्वयंपाकघर. चौदा रोज.”

समोर बटाटे सोलत बसलेला आचारी, म्हणजे कंपनीच्या भटारखान्यात दोनशे माणसांचं रांधणारा आणि सुट्टीच्या दिवशी खोलीत सहा जणांचं, मान वर न करता म्हणाला, “तू किती दिवसांत केलं असतंस?”

“चार. चहा पिऊन चार.”

“मग तुमच्याकडचा मिस्त्री जेवतही असेल.”

ओळंबा पुढे वाचत गेला. मिस्त्रीच्या मजुरीखाली हेल्परची मजुरी असायला हवी. माल कालवायला, फरश्या उचलून द्यायला माणूस लागतो. ती ओळच नव्हती. त्याऐवजी होतं, ‘काडेपेट्या, एक पुडा’, आणि त्याखाली ‘तिळाचं तेल, दोन बाटल्या’.

“घरात शेगडीला लायटर आहे. मीच पाठवलाय,” ओळंबा म्हणाला. “काडेपेट्यांचा पुडा कशाला? बिड्या फुंकायला लागला वाटतं. आणि तेल? बिनदाराच्या घरात तेल कोण पितंय?”

“तेल लावून बसलाय तुझा भाऊ,” आचारी म्हणाला, “आणि काडी लावतोय तुझ्या पैशाला.”

बाकीचे हसले. ओळंबा हसला नाही. त्याने फोन लावला.

“दादा, हिशोब मिळाला ना?” धाकट्याने फोन घेताघेताच विचारलं. “सुताराचं आधी बघ. दारं तयार आहेत. शनिवारपर्यंत उरलेले पैसे दिले नाहीत तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन टाकतो म्हणालाय. पुन्हा चार महिने हलणार नाही तो.”

“सुताराचं नंतर. हा मिस्त्री कोण?”

“आहे एक. जुना माणूस आहे.”

“नाव?”

“सगळे मिस्त्रीच म्हणतात.”

“त्याचा नंबर दे. दोन गोष्टी बोलायच्यात कामाच्या.”

“फोन नाही त्याच्याकडे.”

“आजच्या दिवसात फोन नसलेला मिस्त्री? भिकाऱ्याकडे फोन असतो.”

“नाही वापरत, दादा. काय करू?”

“बरं, बाबांना दे.”

“झोपलेत.”

ओळंब्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मनात गावची वेळ लावली. सकाळचे अकरा. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात दिवसा डोळा लावला नाही, जो दुपारी पडलेल्या गवंड्याला लाथ मारून उठवायचा, तो सकाळी अकराला झोपलाय. बाबाही फरशीवालेच होते. ओळंब्याच्या हातात पहिली थापी त्यांनीच दिली. पण पाच वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले आणि तेव्हापासून ते घरी बसून होते. आता एक तर बाबा आजारी आहेत आणि ही मंडळी लपवतायत, नाहीतर बाबांना मुद्दाम फोनपासून लांब ठेवलंय, कारण बाबांच्या पोटात खोटं राहत नाही.

त्याने बायकोला फोन केला. दिराबद्दल तिचं मत नेहमी त्याच्याहून एक पायरी वाईट असायचं. तिथून तरी खरं कळेल.

“अहो, भाऊजी काही पैसे खात नाहीत,” बायको म्हणाली. “उगाच काहीतरी मनात आणू नका. काम नीट चाललंय. पाठवा ना सुताराचे.”

ओळंब्याच्या अंगावर काटा आला. लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि तिने दिराची बाजू घेतल्याची ही पहिलीच नोंद.

“तीही फुटली,” फोन ठेवून तो आचाऱ्याला म्हणाला.

“बायको आहे ती तुझी. साक्षीदार नाही.”

“तू पंधरा दिवसांनी सुट्टीवर चाललायस ना? तुझं गाव आमच्यापासून दोन स्टॉप. एक काम कर. कुणाला न सांगता जा आणि घर बघून ये. आहे की नाही तेवढंच बघ.”

“नऊ वर्षांत तिसऱ्यांदा घरी चाललोय,” आचारी म्हणाला, “आणि तू मला चोरासारखा भिंतीवरून डोकावायला सांगतोस. माझी बायको विचारेल, आल्या आल्या कुठे निघालात.”

संध्याकाळपर्यंत धाकट्याने बाथरूमचे फोटो पाठवले. ओळंब्याने ते बोटांनी ताणून मोठे केले, अगदी फुटेपर्यंत. एक रेघ वाकडी सापडावी म्हणून तो अर्धा तास शोधत होता. सापडली नाही. सांधे सुतासारखे होते. कोपऱ्यात कापलेला तुकडा कुठे दिसत नव्हता, सगळे पुढे दाराआड जातील अशा बाजूला नेलेले. पाण्याचा उतार नुसत्या फोटोवरून कळत होता.

दुसऱ्या कुणाचा जीव भांड्यात पडला असता. ओळंब्याचा संशय पक्का झाला. चौदा दिवस लावणारा, बिनफोनचा, बिननावाचा माणूस असलं काम करूच शकत नाही. असलं काम करणारा माणूस गावात असता तर त्याच्या दारात गिऱ्हाइकांची रांग असती. तेव्हा हे बाथरूम दुसऱ्याच्या घरातलं. भावाने कुठेतरी जाऊन, कुणाच्या तरी बाथरूमचा फोटो काढून आणला, आणि आपल्या पैशाचं तिळाचं तेल झालं.

त्याने लिहून पाठवलं, ‘आईचा तांब्या बाथरूमच्या कोपऱ्यात ठेव आणि फोटो काढ. उद्या सकाळी. तोवर एक पैसा पाठवणार नाही.’

आई गेली तेव्हाच्या वाटणीत कोणी मागितला नाही असा तो तांब्याचा तांब्या. लहानपणी ओळंब्याने विहिरीच्या कडेवर आपटून त्याला पोचा पाडला होता. तसा पोचा बाजारात मिळत नाही.

दुसरा दिवसही सुट्टीचाच होता. सकाळी फोटो आला. तांब्या तोच होता, पोचाही तोच, आणि खालची फरशीही कालचीच होती. म्हणजे घर आहे. बाथरूम आपलंच आहे. ओळंबा जरासा हिरमुसला, म्हणजे नेमका हरलेल्या वकिलासारखा. सवयीने त्याने फोटो ताणला.

धाकट्याने तांब्या दिसावा म्हणून फोन जमिनीलगत धरला होता. तांब्याच्या मागे, बाथरूमच्या उंबऱ्यापलीकडे, स्वयंपाकघराची अर्धवट बसवलेली ओळ दिसत होती. कालच बसवली असणार. दोन फरश्यांमधली फट सारखी राहावी म्हणून हल्ली सगळे प्लास्टिकचे छोटे फुलीसारखे तुकडे घालतात. इथे तसं काही नव्हतं. इथे फटींमध्ये काडेपेटीच्या काड्या उभ्या केल्या होत्या. आणि एकाही काडीला गुल नव्हता.

ओळंबा पलंगावर सरळ होऊन बसला.

तो तेरा वर्षांचा असताना बाबा एका डॉक्टरच्या घरी पांढरी फरशी बसवत होते. फटीत काड्या घालायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने पेटीतून काढल्या तशा गुलासकट घातल्या. दुसऱ्या दिवशी गुल ओले होऊन विरघळले होते आणि पांढऱ्या सिमेंटमध्ये लाल डाग उतरले होते, सबंध खोलीभर. बाबांनी त्याला एक कानाखाली दिली आणि मग रात्र होईस्तोवर त्याच्या शेजारी बसून प्रत्येक सांधा खरवडून काढला. तेव्हापासून बाबा काम सुरू करण्याआधी पेट्याच्या पेट्या मांडीवर ओतायचे आणि नखाने एकेक गुल तोडायचे. दुसरा कोणी एवढा खटाटोप करत असल्याचं ओळंब्याने ना गावात बघितलं होतं, ना परमुलखात.

काडेपेट्या, एक पुडा. तिळाचं तेल, गुडघ्यांना. हेल्परची मजुरी नाही, कारण हेल्पर धाकटाच. सकाळी अकराला झोप, कारण पहाटे गारव्यात काम. आणि चौदा रोज, कारण त्या गुडघ्यांवर माणूस एका वेळी दोन तासांहून जास्त बसत नाही.

त्याने फोन लावला.

“मिस्त्रीला दे.”

“दादा, तो फोनवर बोलत नाही, सांगितलं ना.”

“मग निरोप सांग. तांब्याशेजारची फरशी पोकळ बसलीय. वर्षभरात उचलेल. माझ्या पैशात असलं काम चालणार नाही.”

मग लांबून ठक, ठक, ठक असा थापीच्या दांड्याचा आवाज आला. भरीव, गच्च. आणि त्यामागून एक आवाज, “कान साफ कर म्हणावं त्याला.”

फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली.

“बोल,” बाबा म्हणाले.

“बाबा, गुडघे…”

“गुडघ्यांचा हिशोब माझा मी ठेवतो.”

“पैसे लागत होते तर मला सांगायचं. मी पाठवले नसते का?”

“पाठवले असतेस,” बाबा म्हणाले. “विचारून.”

पलीकडून धाकट्याची आपल्या बायकोशी कुजबूज ऐकू आली, वहिनीला बोलव म्हणून.

“तुझ्या भावाला आणि बायकोला बोलू नकोस,” बाबा म्हणाले. “मीच शपथ घातली होती. मजुरी पुरी घेतो, काम पुरं करतो. एका पहाटेला रोज धरत नाही, दोन पहाटा मिळून एक रोज, तसाच मांडायला लावलाय. फसवलेलं नाही कुणी तुला.”

म्हणजे चौदा रोजांना अठ्ठावीस पहाटा. ओळंब्याने हिशोब केला आणि तो केल्याचं त्याला वाईट वाटलं.

“किती राहिलंय?”

“सहा रोज. ठरलेल्या दराने. जास्त घेणार नाही, कमी चालणार नाही. मिस्त्री बदलायचा असेल तर आत्ता सांग.”

एवढ्या पैशांचं बाबा काय करतात? प्रश्न ओळंब्याच्या जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला. नऊ वर्षांची सवय होती, ती सहजासहजी मागे हटेना. ओळंब्याने तोंड मिटलं.

“नाही बदलायचा,” तो म्हणाला. “चालू द्या काम.”

“मग सुताराचे पाठव. दाराशिवाय उंबऱ्याची फरशी मला घालता येत नाही.” आणि बाबांनी फोन ठेवला, काम अडलेल्या माणसासारखा.

ओळंबा उठला, पलंगाखालची पेटी ओढली आणि कंपनीने दिलेले गुडघ्यांना बांधायचे जाड पॅड काढले. न वापरलेला जोड होता. नऊ वर्षं जुनाच पुरवला होता त्याने. तो आचाऱ्याच्या पलंगावर ठेवला.

“हे आमच्याकडे दे. मिस्त्रीसाठी आहेत म्हणून सांग. तोपर्यंत काम संपलेलं असेल, तरी दे.”

“आणि भिंतीवरून डोकावायचं?”

“दारातून जा. चहा देतील.”

आचाऱ्याने पॅड उलटेपालटे करून बघितले. “मिस्त्री सापडला वाटतं,” तो म्हणाला आणि पुढे काही विचारलं नाही. दोनशे माणसांचं रांधणाऱ्याला कुणाच्या पोटात काय चाललंय ते बरंचसं कळतं.

काउंटरवर गर्दी होती. ओळंब्याने सुताराचे पैसे मांडले, वर सहा रोजांचे मांडले, आणि फॉर्म भरायला घेतला. पाठवण्याचं कारण. दर वेळी तो ठसठशीत अक्षरात ‘घरबांधणी’ लिहायचा. आज त्याने ‘मजुरी’ लिहिलं आणि फॉर्म सरकवला.

काउंटरवरच्या बाईने चष्मा वर केला. “मजुरी नका लिहू. तुम्ही काय कंपनी आहात का? घरखर्च लिहा.”

“पण मजुरीच आहे.”

“असेल. पण मजुरी दिसली की वरून फोन येतो. कुणाची, कसली, कशासाठी. घरखर्चाला कोणी काही विचारत नाही.”

ओळंब्याने फॉर्म परत घेतला. ‘मजुरी’वर एक सरळ रेघ मारली, शेजारी सही केली.

“घरखर्चच करा मग,” तो म्हणाला. “या पैशांना कोणी काही विचारायला नको.”

बाईने पावती दिली. त्याने ती न बघता घडी घालून खिशात ठेवली आणि दारापर्यंत गेला. तिथे थांबला, पावती काढून आकडा एकदा बघितला, आणि मग बाहेर पडला.