एक सभासद, एक इस्त्री

"दरवाढ समजावणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ," वीज सहकारी संस्थेचे सेक्रेटरी अध्यक्षांना म्हणाले. "आकडे वाचले की निम्मे झोपतात, निम्मे भांडतात. मी त्यांना भार डोळ्यांनी दाखवतो. तीन इस्त्र्या लावायच्या, मीटरचा काटा लालमध्ये गेला की हात आपोआप वर!"

"बघा बुवा," अध्यक्ष म्हणाले. "मला पुन्हा निवडून यायचंय."

सेक्रेटरींना फक्त ट्रान्सफॉर्मर हवा होता. जुना दिवसभर घुरघुरायचा आणि संध्याकाळी जीव टाकायचा. घरी वडील खाटेवर, वडिलांच्या नाकात नळी, नळीच्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन, आणि मशीन त्याच ट्रान्सफॉर्मरच्या भरवशावर. दर वाढले तर नवा येणार होता. पण हे सभेत बोलायची सोय नव्हती. 'बापासाठी आमचं बिल वाढवतोय' म्हणायला लोक टपलेलेच होते.

शनिवारच्या सभेच्या नोटिशीत त्यांनी एक ओळ घातली: प्रात्यक्षिकासाठी इच्छुकांनी घरची इस्त्री आणावी.

सगळेच इच्छुक निघाले. सभागृहात प्रत्येकाच्या मांडीवर इस्त्री, तान्ह्या बाळासारखी. हॉलचं वायरिंग तकलादू, म्हणून वायरमनने जाड केबल थेट ट्रान्सफॉर्मरवरून ओढून ठेवली होती.

"आपण तीनच घेऊ," सेक्रेटरी म्हणाले.

"कुणाच्या तीन?" शिंपी उठला. "आणि बाकीचे काय इथे गोट्या खेळायला आलेत?"

"अहो, नमुना म्हणून फक्त..."

"नमुना-बिमुना सोडा. संस्थेचा मालक कोण? मी!"

"मी पण!" बेकरीवाल्या मावशी मागून ओरडल्या. "एक सभासद, एक मत. मग एक सभासद, एक इस्त्री! माझी तर वाफेची आहे."

टाळ्या पडल्या. अध्यक्षांना टाळ्यांत मतं ऐकू आली. "सर्वांना समान संधी मिळेल," त्यांनी जाहीर केलं.

वायरमन सेक्रेटरींच्या कानाशी लागला. "साहेब, झेपायचं नाही हे."

"आता नाही म्हटलं तर दरवाढ गेलीच समज. लाव तू."

वायरमनने प्लगमागून प्लग लावले. इस्त्र्या तापल्या. शिंप्याने तेवढ्यात अंगातला कोट काढून टेबलावर पसरला आणि कॉलरपासून सुरुवात केली. मीटरचा काटा लालमध्ये गेला, लाल ओलांडून खिळ्याला टेकला.

"बघा!" सेक्रेटरींचा आवाज चढला. "हाच तो भार! म्हणूनच आपल्याला..."

बाहेर धडाम झालं. अंधार.

"समजलं!" अंधारातून कुणीतरी म्हणालं.

हसू ओसरायच्या आत सेक्रेटरींचा फोन वाजला. बायको होती. "अहो, लाईट गेली. मशीनची बॅटरी ओरडायला लागलीय. दादांना धाप लागलीय, लवकर या!"

रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली. सेक्रेटरींनी संस्थेची गाडी काढली, वडिलांना पुढच्या सीटवर बसवलं आणि हॉर्नवरचा हात न काढता दवाखाना गाठला.

वाटेत वडिलांनी एका शब्दाला एक श्वास लावत विचारलं, "मंजूर... झाली... का रे?"

"दादा, तुम्ही बोलू नका."

गाडी दारातच सोडून त्यांनी वडिलांना उचलून आत नेलं. सिलिंडर लागला. निळे पडलेले ओठ हळूहळू माणसात आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इथे खाट रिकामी नाही. थोडा वेळ ठेवते. पण घरी लाईट आल्याशिवाय नेऊ नका."

तेवढ्यात वायरमनचा फोन. "साहेब, सभा संपली. दरवाढ एकमताने नामंजूर. नवा ट्रान्सफॉर्मर उद्याच बसवायचा, तेही एकमताने."

"अरे, कशातून?"

"तो विषय आजच्या पत्रिकेवर नाही म्हणाले. शिंपी मात्र तुमच्यावर खूश आहे. सेक्रेटरीने मस्त समजावलं म्हणाला."

सेक्रेटरी भिंतीला टेकले. काचेपलीकडे वडिलांची छाती वरखाली होत होती. "ते राहू दे. माझ्या घरापुरती तरी लाईट येईल का?"

"येईल की! शेजारच्या लाईनवरून जोडतो, काही अवघड नाही. पहिलं तुमचंच घर. फक्त तेवढी शिडी पाठवा."

"कुठली शिडी?"

"आपली. गाडीच्या टपावर बांधलेली."

सेक्रेटरी धावत बाहेर आले. गाडी रुग्णवाहिकेच्या जागेवर उभी होती, म्हणून क्रेनवाले ती शिडीसकट उचलून घेऊन गेले होते. त्यांचं कार्यालय सोमवारी उघडणार होतं.