ओठ टेकले तरी चालतील

मी एक माइक बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचंच बोलणं मोठं करून सांगितलं. आज थोडं माझंही ऐका.

माझा मालक रॉक बँडचा गायक. सराव चाले ड्रमवाल्याच्या गॅरेजमध्ये. माझ्या जाळीवर ओठ टेकवल्याशिवाय मालकाला सूरच सापडत नसे. त्याचं कडवं संपलं की ड्रमवाला मान पुढे काढून त्याच जाळीत ओरडायचा. दोघांची थुंकी माझ्या नशिबी! मी मनातल्या मनात कुरकुरायचो, पण सुखात होतो.

पुढे बँड मोडला. मालक रेडिओवर पत्रकार झाला आणि मला घेऊन मुलाखती घेत हिंडू लागला. ड्रमवाला पोटापाण्यासाठी एका छापखान्यात लागला.

मग एके दिवशी ड्रमवाल्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं कळलं. बातमी छापखान्यात फुटली. नोकरी टिकली, पण जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलाशी कुणी बसेना.

"सोडतो रे नोकरी," तो मालकाला म्हणाला. "एकट्यानं घास उतरत नाही."

तेव्हापासून मालकानं एड्सबद्दल लोकांशी बोलायचा ध्यासच घेतला. पहिली सभा त्याच छापखान्याच्या कॅन्टीनमध्ये. ड्रमवाला उभा राहिला, आपला आजार स्वतःच्या तोंडानं सांगितला. बोलताना त्यानं मला अगदी तोंडाशी धरलं होतं.

नंतर फोरमनला प्रश्न विचारायचा होता. त्यानं खिशातून रुमाल काढला, मला गुंडाळलं आणि मगच हातात धरलं.

ड्रमवाल्यानं मान खाली घातली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालक उठला. रुमाल सोडवून त्याची नीट घडी घातली आणि फोरमनच्या हातात दिली. मग अगदी पूर्वीसारखे माझ्यावर ओठ टेकवले.

"दादा, याची थुंकी मी वर्षानुवर्षं खाल्लीय. थुंकीनं हा आजार होत नाही, शेजारी बसून जेवल्यानंही नाही. याच्याकडून मला लागलं ते फक्त बेसूर गाणं!"

कुणीतरी फसकन हसलं. मालकानं मला पुन्हा फोरमनपुढे धरलं. फोरमननं रुमाल खिशात ठेवला आणि मला उघड्या हातानं घेतलं. मग मला तोंडाजवळ नेऊन तो ड्रमवाल्याला म्हणाला, "आज डब्यात काय आणलंयस रे?"

आता माझी जाळी गंजलीय, आवाज खरखरतो. मालकाच्या कपाटात पडून असतो. ड्रमवाला कधीमधी येतो. औषधं नेमानं घेतो, पोटही सुटलंय.

एकच मागणं आहे. कुणी असं एकटं जेवताना दिसलं, तर जवळ जाऊन बसा. तेवढ्यासाठी माइक लागत नाही.