पिंपळगावचं स्वस्त घर

पिंपळगाव राजातलं ते घर स्वस्त होतं, आणि सुवर्णाला तेच खटकत होतं. तेवढ्या पैशांत खामगावात दोन खोल्याही येत नव्हत्या. पूर्णेकाठच्या गावांत घरं स्वस्त, पण तिथलं पाणी खारं. प्यायचं पाणी जन्मभर विकत घ्या. लांबच्या बीबी गावाकडे आणखी स्वस्त, पण तिथून तिच्या नवऱ्यानं, रवीनं, रोज कामावर यायचं कसं? स्वस्त घराचे उरलेले पैसे मागाहून कुठूनतरी वसूल होतातच, हे तिला कळून चुकलं होतं. इथले कुठून होणार, तेवढंच कळेना.

रवीला त्यात शिरायचंच नव्हतं. त्यांच्या घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि संक्रांतीपर्यंत खोल्या खाली करायच्या होत्या. इसार आजच द्यायचा, असं तो घरूनच ठरवून निघाला होता.

पिंपळगावच्या घराचे मालक सुधाकरराव निवृत्त शिक्षक. दिवाळीत घराला नवा रंग दिलेला. ते रवीला मोकळं अंगण दाखवत होते, तेव्हा सुवर्णा एकेक दार लावून पाहत होती. तिन्ही दारांची वरची कड एकाच बाजूला रंध्यानं तिरपी तासलेली होती. तिनं विचारलं, तर सर म्हणाले, पावसाळ्यात लाकूड फुगतं. लाकूड फुगतं खरं, पण तिन्ही दारं एकाच कोपऱ्यात कशी फुगतील? दारं नव्हे, चौकटी कलल्या होत्या. पाया काळ्या मातीत, आणि खाली मुरूम भरलेला नसणार. पावसाचं पाणी पिऊन माती फुगली, की भिंतींच्या भेगा मिटतात. उन्हाळ्यात ती आकसली, की भिंती उकलतात. आणि सर घर विकत होते दिवाळीनंतर लगेच.

पण ही सगळी शंकाच. नव्या रंगाखाली काही दिसत नव्हतं.

चहा झाला. रवीनं खिशात हात घातला, तशी ती म्हणाली, "सर, इसार आज घ्या. खरेदी बुद्धपौर्णिमेनंतर करू."

रवी तिच्याकडे बघतच राहिला. "तू कधीपासून मुहूर्त पाहून राह्यली व?"

"मे महिना आहे तो," सर म्हणाले. "तोवर कोण थांबते, ताई?"

"तुम्ही सांगितलेल्याच किमतीला घेतो. एक रुपया कमी करू नका. वरून थांबल्याचे पन्नास हजार देतो."

रवीच्या कपाळाला आठ्या पडल्या. सरांची बायको स्नेहलता कप उचलायला वाकली होती, ती तशीच थांबली. सरांनी चष्मा काढून पुसला.

"असं करा," ते म्हणाले, "या महिन्यात करून टाका. लाख रुपये कमी द्या."

रवीनं रिकामा हात खिशातून बाहेर काढला आणि गुडघ्यावर ठेवला. वाढवून देऊ केलेले पैसे सोडून माणूस लाखाचं नुकसान का घेतो, एवढं त्यालाही समजत होतं. मग तो उठला, सरांना नमस्कार केला आणि घरी विचार करून सांगतो म्हणाला.

गाडीला किक मारता मारता तो चिडून म्हणाला, "आता संक्रांतीले कुठं जाऊन राहू?"

"भाड्यानंच. जानेफळात एक घर आहे म्हणे."

"स्वस्त हाय का?"

"नाही. चांगलं महाग आहे."

"मंग बस गाडीवर," रवी म्हणाला. "पाहून तं येऊ."