व्हेरेनाची साक्ष

ऑर्विन टॉलेफसनचा चीजचा कारखाना बुडायला आलाय, ही बातमी व्हेरेना झुरबुखनला चर्चमधल्या शुक्रवारच्या जेवणात कळली. ऐकल्याबरोबर तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. तोंडाने "अरेरे" म्हणत तिने तळलेल्या माशाचा पुढचा तुकडा जरा मोठाच उचलला.

तिचाही चीजचा कारखाना होता. लहानसा, आजोबांनी घातलेला, नऊ माणसांचा. ऑर्विन तरुणपणी तिथेच तिच्या वडिलांच्या हाताखाली शिकला. वडील जेवताना सगळ्यांसमोर म्हणायचे, "दूध या ऑर्विनचं ऐकतं." व्हेरेना तेव्हा एकोणीस वर्षांची होती, पहाटे चारला उठून तेच दूध ढवळत होती, तिचं दूध कुणाचं ऐकतं हे वडिलांनी कधी सांगितलं नाही. पुढे ऑर्विनने हायवेवर स्वतःचा कारखाना काढला. जत्रेतली पहिल्या बक्षिसाची निळी फीत दरवर्षी तोच न्यायचा. तीन वर्षांपूर्वी त्याने काचेच्या भिंतींची मोठी इमारत बांधली, दारात दुमजली उंचीचा गायीचा पुतळा उभा केला. ती गाय व्हेरेनाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसे. तिने तिथे जाड पडदा लावला होता.

सरकारने बुडत्या बँका वाचवल्या, मोटारींच्या कंपन्या वाचवल्या, ते हे वर्ष. महिन्याभराने वर्तमानपत्रात आलं की ऑर्विनला वाचवायला आमदार क्विलन विधानसभेत विधेयक आणताहेत. कर्ज सरकार फेडणार, आणि वर कारखान्याशेजारी चीजचं संग्रहालयही बांधून देणार.

"संग्रहालय!" व्हेरेनाने पेपर टेबलावर आपटला. "आपण मंदीत काय केलं, एमिल? होडी विकली, तुझा ट्रक विकला. एकाही माणसाला कामावरून काढलं नाही. आणि हा काचा बसवत सुटला, तर त्याचे पैसे मी भरायचे?"

तिचा नवरा एमिल शांतपणे पावाला लोणी लावत होता. "बोलतेस ते खरं आहे. पण दुसऱ्या कुणाचा कारखाना असता, तर इतकी तणतणली असतीस का गं?"

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी आपला लोण्याच्या बाजूने."

विधेयकावर लोकांचं म्हणणं ऐकण्याच्या सुनावणीच्या दिवशी ती दोन तास गाडी चालवत राजधानीला गेली. भावाच्या लग्नातला निळा कोट घातला होता. ऑर्विन पहिल्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसला होता. ती त्याच्याकडे न बघता, चढ्या आवाजात बोलली. जो जपून चालला त्याच्या खिशातून काढून जो धावत सुटला त्याला द्यायचं, ही मदत नव्हे, ही जपून चालणाऱ्याला शिक्षा आहे, असं ती म्हणाली. तुम्ही इथे बसून दुसऱ्यांच्या पैशाने दानशूर होता, असंही म्हणाली. मागे बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्विलनसाहेबांनी चष्मा काढून विचारलं, "आणि बाई, हीच मदत तुम्हाला देऊ केली तर?"

"नको म्हणेन."

पुन्हा टाळ्या. दुसऱ्या दिवशी रेडिओवर तिचा आवाज लागला. किराणा दुकानात अनोळखी माणसं हात मिळवू लागली. ऑर्विनला जत्रेत मिळायच्या तसल्या टाळ्या चाळीस वर्षांनी आपल्या वाट्याला आल्या, असं तिला वाटलं आणि तो आठवडा ती गुणगुणतच कामाला गेली.

मग क्विलनसाहेबांच्या कचेरीतून एक तरुण बाई आली. गोड बोलणारी. म्हणाली, "विधेयकात थोडा बदल केलाय. आता एकट्या टॉलेफसनना नाही, परिसरातल्या अकरा कारखान्यांना मदत. तुम्हाला नवीन शीतगृह. फक्त पुढच्या सुनावणीला तुम्ही आला नाहीत तरी चालेल."

"म्हणजे गप्प बसायचे पैसे."

"छे, छे. सगळ्यांना सारखा न्याय."

व्हेरेनाने तिला कॉफी पाजली आणि विचार करते म्हणाली. खरोखरच विचार केला, हे तिला नंतर फार बोचलं. शीतगृह कुठे बसेल हे तिने पावलांनी मोजूनसुद्धा पाहिलं. आणि मोजता मोजता तिच्या लक्षात आलं की मनातली आग विझली आहे. ऑर्विनला मिळतंय ते आपल्यालाही मिळणार म्हटल्यावर तिला त्या विधेयकाचं काहीच वाईट वाटेनासं झालं होतं. ती तशीच अंगणात उभी राहिली. मग आत जाऊन तिने क्विलनसाहेबांच्या कचेरीत फोन केला आणि मदतीच्या यादीतून माझं नाव काढून टाका म्हणून सांगितलं.

दुसऱ्या सुनावणीला ती पुन्हा गेली. या वेळी टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. मागच्या वेळी आलेले कारखानदार आता यादीत होते. विधेयक आरामात मंजूर झालं.

त्या उन्हाळ्यात आजूबाजूला नवे पत्रे चढले, नव्या टाक्या आल्या. आधी तिला एकट्या ऑर्विनचा हेवा वाटायचा, आता दहा जणांचा वाटू लागला. एमिल म्हणाला, "अगं, एका पडद्याने भागणार नाही आता."

जानेवारीच्या कडाक्यात तिच्या कारखान्याचा बॉयलर फुटला. कुणाला लागलं नाही, पण दुरुस्तीला चार दिवस लागणार होते, आणि सतरा शेतकऱ्यांचं दूध वाटेवर होतं. एवढं दूध घेईल असा कारखाना एकच होता. तिने फोन तीनदा उचलून खाली ठेवला. चौथ्यांदा लावला.

ऑर्विन एवढंच म्हणाला, "पाठव. मागच्या दाराने आणायला सांग, पुढे बर्फ आहे."

ती टँकरबरोबर स्वतः गेली. त्या इमारतीत ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. चकचकीत पिंपं तिने नकळत मोजली. ऑर्विन रबरी बूट घालून नळी धुत होता. बराच म्हातारा दिसत होता.

"तुझं भाषण रेडिओवर पुन्हा ऐकलं होतं," तो म्हणाला. "पटलं मला."

"मग पैसे घेतलेस कशाला?"

"साठ माणसं आहेत गं. आणि भ्यालो होतो." त्याने नळी लटकवली. "आता दर महिन्याला सरकारी माणूस येतो. ब्रिक चीज, ते विटेच्या आकाराचं, बंद कर म्हणाला, खपत नाही म्हणे. तुझ्या वडिलांनी शिकवलेलं. बंद केलं. तू अजून करतेस ना?"

"करते."

"नशीबवान आहेस," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जे होतं ते व्हेरेनाने लगेच ओळखलं. चाळीस वर्षं ती त्याच आवाजात बोलत आली होती.

"ऑर्विन," ती म्हणाली, "मी बोलले ते खरंच होतं. पण तुझ्या जागी दुसरा कुणी असता तर मी घरीच बसले असते."

"माहीत आहे मला. हातमोजे घाल, गारठलेत हात तुझे."

वसंतात विधानसभेत दुसरं विधेयक आलं. दूरच्या जिल्ह्यातलं, बर्फावर स्केटिंग करायचं एक बुडीत क्रीडागृह वाचवायचं होतं. मालकाचं नावही व्हेरेनाने कधी ऐकलं नव्हतं. ती निळा कोट घालून गेली. ऐकायला पाचसहा माणसं होती. क्विलनसाहेबांनी तिला ओळखलं आणि हसून म्हणाले, "बाई, हिवाळ्यात तुमचं दूध कुठे गेलं होतं म्हणे? ज्या मदतीला तुम्ही विरोध केलात तिच्यावरच तगलेल्या कारखान्यात ना?"

"हो," व्हेरेना म्हणाली. "सतरा घरांचं दूध वाचलं. मी ऑर्विनचे आभार मानले, तुमचेही मानते. तरी तो पैसा तुम्ही द्यायला नको होता, आणि हाही देऊ नका."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. विधेयक दोन मतांनी पडलं, बहुधा तिच्यामुळे नव्हे. पण परत येताना गाडीत तिच्या लक्षात आलं की पूर्ण साक्षीत आपला आवाज एकदाही चढला नव्हता.