सामान हाक मारत नाही

मित्रांनो, मी एका उंच इमारतीतली जुनी लिफ्ट आहे. पुढच्या दाराने आत शिरल्यावर जी चकचकीत लिफ्ट दिसते, ती मी नव्हे. ती माझी जुळी बहीण. मला भेटायचं असेल तर कचऱ्याच्या पिंपांना वळसा घालून मागच्या दाराने यावं लागेल.

आम्ही दोघी एकाच कारखान्यात, एकाच पोलादातून घडलो. मोटारी सारख्या, दोर सारखे, दोराच्या दुसऱ्या टोकाला लोंबणारी समतोलाची वजनंही सारखी. आमच्यात डावंउजवं झालं ते इथे आल्यावर. तिला आरसा मिळाला, पंखा मिळाला, धोक्याची बेल मिळाली. मला नुसता एक दिवा. बसवणाऱ्या मिस्त्रीने विचारलं, "हिची बेल कुठे लावू?" सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "सामानाच्या लिफ्टला बेल कशाला? सामान कधी हाक मारतं का?" सगळे हसले. मिस्त्रीही हसला. बेलच्या जागी त्याने पत्र्याचा तुकडा ठोकला आणि तो पुढच्या कामाला लागला.

तिच्या पाटीवर लिहिलं आहे, 'आठ व्यक्ती'. माझ्या पाटीवर फक्त किलो.

तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. मी खरोखरच सामान वाहत होते. फरश्या, कपाटं, पलंग, एकदा तर अख्खा पियानो. "ही नसती तर घर लागलंच नसतं," असं लोक म्हणायचे आणि माझ्या दारावर थाप मारायचे. ते माझे कौतुकाचे दिवस होते. घरं लागली, आणि एके सकाळी पुढच्या दाराशी सूचना झळकली : काम करणाऱ्यांनी मागची लिफ्ट वापरावी. तेव्हापासून माझ्यात माणसं येऊ लागली. स्वयंपाकाच्या बाई, इस्त्रीवाला, चालक, झाडूवाल्या मावशी.

मित्रांनो, माझ्या तळाशी स्प्रिंगा आहेत. त्यांना वजन तेवढं कळतं. एकदा बहीण दुरुस्तीसाठी बंद होती, म्हणून वरच्या मजल्यावरचे एक साहेब नाइलाजाने माझ्यात चढले. शेजारी इस्त्रीवाला गाठोडं घेऊन उभा. "इथे जीव गुदमरतो हो," साहेब रुमाल नाकाला लावून म्हणाले. "सवय होते, साहेब," इस्त्रीवाला म्हणाला. माझ्या स्प्रिंगा दोघांच्याही पायांखाली सारख्याच दबत होत्या.

माझं जग म्हणजे भिंतींमधला एक उभा बोळ. त्यात ना खिडकी, ना वळण. मी वर जाते ती खाली येण्यासाठी आणि खाली येते ती वर जाण्यासाठी. वर्षातून एकदा तेलपाणी होतं. आधी बहिणीचं, मग उरलं तर माझं. असं करता करता माझ्या दाराच्या कडीतला एक विजेचा संपर्क झिजला. दार नीट लागलं आहे की नाही, हे मला त्याच्याकडून कळतं. तो डळमळला की मी असेन तिथे थांबते. मला तसंच शिकवलेलं आहे.

नवव्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांच्या मुलीची नोकरी दिवसभराची, म्हणून आजींना सांभाळायला एक ताई येते. आजींना मधुमेह आहे. सकाळी ताई त्यांना इन्सुलिनची सुई देते. त्यानंतर अर्ध्या तासाने आजींनी खायचं असतं. तेवढ्या वेळात ताई माझ्यातून खाली येते आणि पहारेकऱ्याच्या खोलीतून दूध घेऊन वर जाते. दूधवाल्याने वर यायचं नाही, असा नियम आहे. ताईने पुढच्या लिफ्टने जायचं नाही, असाही आहे. दोन नियम सांभाळायचे तर असंच काम करावं लागतं, आणि रोज ते निभतही होतं.

त्या दिवशी दूध घेऊन वर जाताना माझा संपर्क डळमळला. चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये मी थांबले.

ताईने बटणं दाबली. फोन काढला, पण लोखंडी पेटीत आणि जाड भिंतींच्या मध्ये त्याला रेंज मिळेना. मग तिची बोटं पत्र्याच्या त्या तुकड्यावरून फिरली. बेल इथेच असायला हवी, हे तिला ठाऊक होतं. ती मुठीने माझी भिंत बडवू लागली.

शेजारून बहीण वर निघाली होती. तिच्यातले दोघं बोलताना आम्हाला स्पष्ट ऐकू आलं.

"काहीतरी वाजतंय हो."

"मागची असेल. सामान हललं असेल."

आणि बहीण त्यांना घेऊन वर निघून गेली. ताईचा हात भिंतीवर तसाच राहिला. मला बोलता आलं असतं, तर मी काय काय ओरडले असते! पण मला फक्त थांबता येतं.

एवढ्यात पाचव्या मजल्यावर बादली टेकल्याचा आवाज आला. जिना पुसत मावशी वर आल्या होत्या.

"कोण गं आत?"

"मी, मावशी! आजींकडची."

"अगं बाई! थांब, पहारेकऱ्याला बोलावते."

"माझं राहू द्या, आधी वर जा. आजींना सुई दिलीय आणि पोटात काही नाही त्यांच्या. साखर उतरली तर बेशुद्ध पडतील. घरात दुसरं कुणी नाही."

मावशींनी बादली बाजूला सरकवली. मग हळूच म्हणाल्या, "त्या घरात मी? मला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू देत नाहीत. स्वयंपाकघरात कॅमेरा लावलाय. उद्या वाटी हरवली तरी माझ्या नावावर येईल."

"माझ्या नावावर घाला."

"तुझं नाव काय सोन्याचं लागून गेलंय?"

तरी फरशीवर गुडघे टेकल्याचा आवाज आला. माझं आतलं दार जाळीचं आहे. ताईने जाळीतून हात वर ताणला आणि पाचव्या मजल्याच्या दाराखालच्या फटीतून घराची किल्ली बाहेर सरकवली.

"साखर कपाटात असते, पण कपाटाला कुलूप आहे," ती म्हणाली. "खिडकीत एक डबी आहे, माझ्या चहाची. त्यातली साखर पाण्यात विरघळवून द्या. पण जागं करून बघा आधी. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, शेजारचं दार ठोठवा."

मावशींची पावलं जिन्यावरून वर गेली. मावशी पायांनी अधू आहेत; त्या इतक्या घाईने जिना चढताना मी पहिल्यांदाच ऐकल्या. ताई दुधाची पिशवी छातीशी धरून खाली बसली. कपाळ माझ्या भिंतीला टेकलेलं. हवा कोंदट होत गेली. वरून काहीच कळेना.

मग पावलं परत आली.

"उठून बसल्या," मावशी धापा टाकत म्हणाल्या. "घामाने भिजल्या होत्या, शब्द लटपटत होते. आता म्हणतात, अजून थोडी साखर दे. लबाड आहेत तुझ्या आजी!"

तेव्हा ताई रडली.

पहारेकरी आला, मिस्त्री आला, ताई बाहेर पडली. संध्याकाळी आजींची मुलगी माझ्या दारासमोर मावशींना भेटली. "तुमचे फार उपकार झाले," ती म्हणाली, आणि लगेच पुढे विचारलं, "पण कोणकोणती कपाटं उघडलीत?"

"कपाट नाही उघडलं, बाई. खिडकीतली डबी उघडली. ती तुमची नाही, ताईची आहे."

शेजारी उभी असलेली ताई म्हणाली, "बाई, हिला एक बेल बसवायला सांगा ना." सेक्रेटरी तिथेच होते. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू. यंदा पुढच्या लिफ्टची फरशी बदलायचीय." मुलगी पुढच्या लिफ्टकडे वळली. संपर्क बदलला गेला. बेल काही आली नाही. तिच्याऐवजी पाटी आली : 'या लिफ्टमधून प्रवास स्वतःच्या जबाबदारीवर करावा.'

म्हणून या माणसांनीच आता एक रीत पाडली आहे. माझ्यात चढणारा जिन्याकडे तोंड करून ओरडतो, "निघालो गं!" वर पोचला की, "पोचलो!" मधल्या मजल्यांवर जो कुणी काम करत असेल, तो दुसऱ्या हाकेची वाट बघतो. ती आली नाही तर हातातलं काम टाकून माझ्याकडे धावायचं, असं ठरलं आहे. दिवसभर माझ्या बोळात या हाका घुमतात. त्यांचा त्रास होतो, अशी तक्रार आता सोसायटीकडे गेली आहे. उद्या हाका बंद करायचा नियम आला, तर माझ्यात अडकलेल्या माणसाचं काय होईल, हे मला माहीत आहे. मला या बोळातून बाहेर पडता येत नाही आणि कुणाला सांगताही येत नाही.

तुम्हाला दोन्ही येतं, मित्रांनो. तुमच्याही इमारतीत मागच्या बाजूला माझ्यासारखी एखादी असेल. एखाद्या मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि तिच्याकडे जा. बेल कुठे आहे ते शोधा, दाबा, आणि ती वाजते का ते ऐका. वाजली नाही, तर घरी सांगा. "बघू" असं उत्तर मिळालं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.