दोन बोटं माती

पिओनीच्या फुलझाडाचं मूळ लावताना त्यावर दोन बोटं माती घालायची. मुळाला लालसर डोळे असतात, बटाट्याला असतात तसे. त्यांच्यावर दोन बोटं, बस्स. आईनं आम्हा दोघा भावंडांची बोटं मातीत रोवून शिकवलं होतं. जास्त खोल गेलं की थंडी डोळ्यांपर्यंत पोचत नाही, आणि थंडी खाल्ल्याशिवाय हे झाड फुलत नाही. मरतही नाही. हिरवंगार, तब्येतीत वाढतं आणि दर वर्षी मालकाच्या तोंडाला पानं पुसतं.

वहिनीचं झाड मी वीतभर खोल लावलं. मुद्दाम लावलं.

झाड मुळात आईचं. मागच्या अंगणात, माझ्या जन्माआधीपासूनचं. फूल पांढरंशुभ्र, ओंजळ भरेल एवढं. पुढे घर दादाकडे गेलं, वहिनीला सासू जड झाली आणि आई माझ्या दोन खोल्यांत आली. झाड तिथंच राहिलं.

शेवटच्या आजारपणात आईनं एकच मागितलं. "फुलं आली असतील गं. एक आण."

मी गेले. झाड ओरबाडलेलं. सगळी फुलं बाहेरच्या खोलीत, काचेच्या भांड्यांत. वहिनीच्या मैत्रिणी जेवायला येणार होत्या.

"वन्सं, आधी फोन तरी करायचा," वहिनी म्हणाली. "आता एक काढलं तर गुच्छ बोडका दिसेल. पुढच्या वर्षी न्या की, हवी तेवढी."

"आईला पुढचं वर्ष नाहीये."

"असं अभद्र बोलू नये."

दादा खुर्च्या मांडत होता. तो खुर्च्याच मांडत राहिला.

आईनं आधी माझे रिकामे हात बघितले, मग तोंड. म्हणाली, "यंदा उशिरा फुलणार असतील." त्याच आठवड्यात ती गेली, सुनेची अब्रू झाकून.

नंतर वहिनीला गाडीसाठी शेड हवी झाली, नेमकी झाडाच्या जागी. माळ्यानं हात वर केले. म्हणाला, एवढं जुनं मूळ मी हलवणार नाही, मेलं तर माझ्या नावानं शंख कराल. तेव्हा वहिनीला मी आठवले.

पानगळ सुरू होती. मी मूळ सोडवलं आणि एक तुकडा वहिनीच्या देखत पिशवीत टाकला.

"न्या न्या," वहिनी म्हणाली. दुसऱ्याचं वाटताना तिचा हात मोठा. मग उरलेल्या मुळासाठी मी बाजूला नवा खड्डा खणला, त्यात ती वाकून बघायला लागली. "खड्डा जरा जास्तच नाही का?"

"म्हातारं मूळ आहे वहिनी. त्याला सांभाळून घ्यावं लागतं. सगळ्यांनाच जमतं असं नाही."

तिच्या डोक्यावरून गेलं. दादा चहा घेऊन आला, कप ठेवताना खड्ड्याकडे बघितलं, आत गेला.

मग दर वसंतात फोन. "वन्सं, पानं अशी की दृष्ट लागावी. पण कळी म्हणून नाही." तिनं खतं घातली, माळी बदलला, नव्या माळ्यालाही फैलावर घेतलं. मी म्हणायचे, "धीर धरा वहिनी. मानी झाड आहे." त्या दिवशी मला दोन घास जास्त जायचे.

माझा तुकडा गॅलरीतल्या टबात आहे. फुलतो. पहिलं फूल मी आईच्या पलंगाशेजारी ठेवते.

यंदा दादा एकटाच आला. फुलाकडे बघत बसला.

"दोन बोटं," तो म्हणाला. "तू वीतभर घातलंस. चहा ठेवताना बघितलं मी."

"मग बोलला नाहीस?"

"म्हटलं, होऊ दे. तिची पण जिरायला हवी होती." आणि हसला, जणू हे आम्ही दोघांनी मिळून केलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईच्या वेळी गप्प, खड्ड्याशी गप्प, आणि आता सुडात वाटा मागायला आलेला.

"एक फूल देतेस?" तो म्हणाला. "आईची आठवण."

"एक काढलं तर गुच्छ बोडका दिसेल."

त्याला कळलं. चप्पल घालून निघाला.

तो घरी पोचायच्या बेतात असेल तेव्हा मी फोन लावला. "वहिनी, फुलं का येत नाहीत ते दादाला विचारा."

"त्यांना काय कळतंय त्यातलं?"

"विचारा तर. पहिल्या दिवसापासून माहीत आहे त्याला."

तिकडे फाटक वाजलं. "अहो," वहिनीचा आवाज आला, "जरा इकडे या." फोन बंद करायचं ती विसरली. तिनं एकदा विचारलं, मग पुन्हा, मग आवाज चढवून.

मी फोन कानाला लावून ऐकत होते. दादाचा एक शब्द येईना.